निळी गोळी आणि दोरीवरचं कापड

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी अनेक मुली टाकून देतात, कारण मळमळ होते. गोळी उपाशीपोटी घेतली की हा त्रास वाढतो. दुपारच्या जेवणानंतर साध्या पाण्याबरोबर घ्या. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. शौचाला काळी होते ती लोहामुळेच, घाबरू नका. चहा मात्र तासभर आधी आणि नंतर नको, तो लोह अंगी लागू देत नाही. भाकरीसोबत मटकीची उसळ किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी असेल, तर वर लिंबू पिळा. तेवढ्यानेही लोह जास्त शोषलं जातं. नुसत्या गुळाने रक्त वाढत नाही. हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली असेल, तर आरोग्य केंद्रात दाखवायलाच हवं.

पाळीत कापड वापरण्यात काहीच वावगं नाही. बिघडतं ते वाळवताना. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्यांखाली किंवा न्हाणीच्या कोपऱ्यात टाकलं जातं, ओलसर राहतं आणि मग खाज, पुरळ सुरू होते. आधी थंड पाण्यात रक्त काढा (गरम पाण्याने डाग पक्का बसतो), मग साबणाने धुऊन खळखळून विसळा आणि थेट उन्हात कडक वाळवा. मऊ सुती कापड घ्या, दर चार-सहा तासांनी बदला. घरच्यांनी या कापडासाठी दोरीवर उघडी जागा द्यावी. खरी अडचण तिथेच आहे.