हॅज लावला की…

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, 12 वर्षं झाली. प्रेझेंट परफेक्ट आला की फळ्यावर हॅव, हॅज आणि व्ही-थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप, लिहायचं, दहा वाक्यं सोडवून घ्यायची आणि पुढचा काळ सुरू. मागच्या जूनपासून तसं नाही करत.

त्या दिवशी मॉक इंटरव्ह्यू चालू होते. कोरेगावकडून एसटीनं येणारी एक मुलगी आहे, कधी खाडा नाही तिचा. घरच्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, "माय फादर हॅज वर्क्ड इन अ शुगर फॅक्टरी फॉर एटीन इयर्स." वाक्य कसं अगदी साच्यातलं, मला बरं वाटलं आणि मी लगेच विचारलं, "व्हॉट डज ही डू देअर?" ती गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, मग हळूच म्हणाली, "ही हॅज डाइड इन 2021."

वर्गात कुणी हललं नाही. त्या क्षणी व्याकरण काढायची माझी इच्छाच नव्हती, पण खऱ्या इंटरव्ह्यूतसुद्धा समोरचा हेच विचारणार आणि ती परत अशीच अडकणार, म्हणून सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. म्हटलं, आपण मराठीत "बाबांनी 18 वर्षं कारखान्यात काम केलंय" म्हणतो, माणूस असो नसो, चालतं, "मी कालच आलोय" पण चालतं. इंग्रजीत 2021 म्हटलं की ती वेळ संपली, तिथं हॅज बसत नाही, नुसतं डाइड. आणि हॅज वर्क्ड फॉर एटीन इयर्स म्हटलं की ऐकणारा धरून चालतो, अजून कामावर आहेत.

"म्हणजे मॅडम, हॅज लावला की ते अजून असतात?"

मी हो म्हटलं. काय बोलणार दुसरं. तिनं वहीत हॅजवर एकच रेघ मारली, बारीक, सरळ.

खाली पुढचं वाक्य होतं, माय मदर इज रनिंग अ टेलरिंग शॉप सिन्स 2021. आपलं "चालवतेय" जसंच्या तसं, हे तर आपल्याकडे जवळपास सगळेच करतात. म्हटलं, इथं इज नको, हॅज रन किंवा हॅज बीन रनिंग.

"इथं चालतो हॅज?"

"इथं लागतोच. दुकान तेव्हा सुरू झालं आणि आजपण चालूय ना."

तिनं लिहिलं, मोठ्यानं दोनदा वाचलं. "आठपर्यंत उघडं असतं मॅडम, आता पण मशीनवरच असेल ती," म्हणाली आणि एसटी गाठायला पळाली.