निखर्वाची नोट आणि ॲरिस्टॉटल

ग्रीसला जाऊन आल्यावर अक्रोपोलिसबद्दल लिहायला हवं, पण दीड तास उन्हात रांगेत भाजून निघाल्यावर वर काय पाहिलं ते धड आठवत नाही. डेल्फी सुंदर, सँटोरिनी महाग. झालं. मला सांगायचंय ते अथेन्सच्या मोनास्तिराकीतल्या रविवारच्या जुन्या बाजाराबद्दल.

एका आजोबांनी बुटाच्या खोक्यात जुन्या नोटा रचून ठेवल्या होत्या. मी एक उचलली. 3 नोव्हेंबर 1944 ची, एकावर अकरा शून्यं. एकं, दहं, शतं करत बोट सरकवत गेले ते थेट निखर्वावर! शाळेत घोकलेला तो शब्द पहिल्यांदाच कामी आला.

दुसऱ्या महायुद्धात देश व्यापून बसलेल्या जर्मन-इटालियन फौजांचा खर्च ग्रीसच्याच माथी मारलेला, कर वसूल होईना, म्हणून नोटा छापत सुटले. 12 ऑक्टोबरला अथेन्स मोकळं झालं, तरी भाव चढतेच. शेवटी 11 नोव्हेंबरला 50 अब्ज जुन्या ड्राख्मांचा (ग्रीसचं युरोआधीचं चलन) एक नवा ड्राख्मा केला. म्हणजे माझ्या हातातल्या निखर्वाचे, शंभर अब्जांचे, आठ दिवसांत दोन ड्राख्मा.

"चला, सुटले म्हणायचे," मी म्हटलं. आजोबा हसले आणि दुसरी नोट पुढे सरकवली. युद्धानंतरची, 10,000 ची, घडीवर विरलेली, वर ॲरिस्टॉटल. 1946 च्या सुरुवातीला डॉलरचा दर 5,000 ठरला, तेव्हा ही दोन डॉलरची. मग यादवी युद्ध, पुन्हा महागाई. 1953 त डॉलर 30,000 वर नेला आणि 1954 त तीन शून्यं उडवून दहा हजारांचे दहा केले. आजोबा सारखे "लिरा, लिरा" म्हणत होते. ती म्हणजे सॉव्हरिन, सोन्याचं ब्रिटिश नाणं. कागदावर विश्वास कुणाचा होता? घरंसुद्धा लोक लिरांत घ्यायचे.

आणि नोटेवर बसवला कोण, तर ॲरिस्टॉटल! पैसा निसर्गाने नाही, माणसांच्या ठरावाने चालतो, आणि तो निरुपयोगी करणंही माणसांच्याच हातात, हे लिहून ठेवणारा माणूस. छापणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला काही वाटत नाही.

दोन्ही नोटांचे बारा युरो सांगितले. मी निर्लज्जपणे घासाघीस करून दहावर आणले आणि कार्ड पुढे केलं. आजोबांनी मान हलवली. रोखच हवी. कोपऱ्यावरच्या एटीएमने चार युरो शुल्क कापलं.