एक ओढली गेली, मग?

सिगारेट सोडली आहे आणि आज एक ओढली गेली असेल, तर उरलेलं पाकीट आत्ताच नळाखाली धरा. ‘आता मोडलंच आहे, सोमवारपासून बघू’ म्हटलं की घात झाला. सोडल्यावरचे पहिले २-३ दिवस सगळ्यात वाईट. एकेक तलफ मात्र बहुधा काही मिनिटांत ओसरते.

तलफ भागवायला सिगारेटऐवजी निकोटिन गम चावतात, त्याचा उपयोग होत नाही म्हणे. होणार कसा? साध्या च्युइंगगमसारखा चावला की निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळतं. हळू चावा, चुरचुरलं की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा. चुरचुर गेली की पुन्हा. एक गम अर्धा तास. आधी १५ मिनिटं चहा-कॉफी नको, तोंडात आम्ल असलं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर २ नाही, ४ मिलिग्रॅमचा घ्या.