काचवाल्याचा पोरगा

हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात मराठी गट नेला की सगळ्यांना ओढ एकच, व्हर्मीरची मोत्याचं डूल घातलेली मुलगी. तिच्यासोबत सेल्फी झाला की पाय बसकडे. त्यामुळे गेरिट डाऊच्या ‘तरुण आई’ या चित्राला माझ्याकडे जेमतेम दीड मिनिट. १६५८ सालचं, लाकडी फळीवर रंगवलेलं, १६६० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला नजराणा म्हणून गेलेलं. चला पुढे.

परवा एक काका हलेनात. सत्तरीपुढचे. मांडीवर शिवण घेतलेली आई नाही, पाळण्यातलं बाळ नाही, ते डावीकडची उंच खिडकी निरखत होते.

“हा चित्रकार काचकामातला आहे का हो?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, “काका, कसं ओळखलंत?”

“शिशाच्या पट्ट्या बघा ना. नुसत्या रेघा मारून सोडल्यात का?”

मग मीही गट विसरले. डाऊ लायडनचा, जन्म १६१३ चा. वडील डाउवे यान्स काचवाले. पोराला आधी धातूवरचं कोरीवकाम शिकायला घातलं, मग काचेवर रंगकाम करणाऱ्याकडे. बारा-चौदाव्या वर्षीच काचकारागिरांच्या संघात त्याचं नाव लागलं. पण दुरुस्तीला गेला की हा कुठेही बेधडक चढायचा. पडून जिवाला मुकेल या धास्तीनं बापानं त्याला काचकामातून काढलं आणि फेब्रुवारी १६२८ मध्ये चित्रकला शिकायला पाठवलं. गुरू स्वतः एकवीस वर्षांचा, रेम्ब्रांट. लायडनचा इतिहास लिहिणाऱ्या ऑर्लर्सनं १६४१ मध्ये, म्हणजे डाऊच्या हयातीतच, हे नोंदवून ठेवलंय. मी हे एरवी गंमत म्हणून सांगते, लोक हसतातही.

काका हसले नाहीत. उजव्या हाताची तर्जनी पुढे केली, पेराशी जुना व्रण होता. “आमचं काचेचं दुकान होतं. काच कापायची हिरकणी चालवण्यात माझा हात वडिलांपेक्षा साफ. पण शिडी धरायला माणूस येईपर्यंत कोण थांबतंय! एकदा तावदानासकट खाली आलो. त्याच महिन्यात वडिलांनी हिरकणी काढून घेतली.”

“मग?”

“मग काय! त्यांना रेम्ब्रांट कुठून भेटणार? पोस्टात चिकटवलं.”

आता मात्र आम्ही दोघंही हसलो. तेवढ्यात काकांचं बोट चित्राच्या फार जवळ गेलं आणि पहारेकरी बाई खाकरल्या. काकांनी हात मागे घेतला.

“एवढं बारीक करायला किती दिवस लागले असतील?”

मी झाडूची गोष्ट सांगितली. नखापेक्षा थोडासाच मोठा दांडा रंगवलेला पाहून झांडरार्ट नावाच्या चित्रकारानं कौतुक केलं, तर डाऊ म्हणाला, अजून तीन दिवसांचं काम बाकी आहे.

बसमधून दोनदा फोन आला. काका निघाले, दारापाशी वळून परत खिडकीसमोर आले.

“वर काचेत कुळचिन्ह आहे बघा. तेही सोडलं नाही पोरानं.”