आधी तास मोजा, मग भांडवल द्या

एकट्या आईला धंदा उभा करून द्यायचा म्हटलं की मदत करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आधी मशीन येतं. मशीन लागतंच. पण तिला सगळ्यात कमी पडतो तो वेळ, आणि त्याखालोखाल आजचा घरखर्च. हे दोन न मोजता दिलेलं भांडवल बघता बघता घरात खर्च होऊन जातं, आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

म्हणून पहिल्या भेटीत पैशांचं बोलूच नये. एका कागदावर सात दिवसांचे सात रकाने आखावेत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी पाडाव्यात आणि आठवडाभर तिनेच खुणा कराव्यात: मुलं शाळेत, मुलं घरात जागी, मुलं झोपलेली, सध्याची मजुरी. सलग दोन तास मोकळे मिळतात तेवढेच धंद्याचे धरायचे. अर्ध्या तासाच्या फटीत हिशेब लिहून होतो, फोन होतात; पण कापड बेतायला घेतलं आणि मूल उठलं तर चुकीचा काप पडतो आणि कापड वाया जातं. आलेल्या बेरजेतून चौथा हिस्सा आधीच वजा करावा, कारण मूल आजारी पडलं की घरात दुसरं मोठं माणूस नसतं. समजा २४ तास निघाले, तर हातात १८. माल आणणं, पोचवणं, पैसे वसूल करणं यात त्यातले ६ गेले असं धरू, उरले १२. ती कापडी पिशव्या शिवते असं धरलं आणि एक पिशवी बेतण्यापासून इस्त्रीपर्यंत ४० मिनिटं घेत असेल तर आठवड्याला १८ पिशव्या. धंद्याचं गणित या १८ पिशव्यांवर बसलं पाहिजे. बसत नसेल तर काम बदला, नाहीतर आधी मूल सांभाळण्याची सोय करा.

ही सोय म्हणजे धंद्यातलीच गुंतवणूक आहे, असं आमचं ठाम मत आहे. नैरोबीच्या झोपडपट्ट्यांमध्ये आयांना पाळणाघराचा खर्च देऊन पाहिला गेला. त्यातल्या एकट्या आया दिवसाच्या, ठरलेल्या वेळेच्या कामांकडे वळल्या. त्यांचे कामाचे तास कमी झाले, पण कमाई घटली नाही.

किंमत ठरवताना कच्चा माल सगळ्याच धरतात. सुटतात त्या बाकीच्या गोष्टी: वाया जाणारं कापड, दोरा, वीज, जाण्या-येण्याचा खर्च, मशीनची झीज (मशीन पाच वर्षं टिकेल असं धरून किमतीचा साठावा भाग दर महिन्याला), आणि स्वतःची मजुरी. ही शेवटची तर हमखास सुटते. ‘घरीच तर बसून करते’ असं म्हणून स्वतःचे तास फुकट धरले की भाव कमी लागतो, माल भराभर खपतो, ती रात्री जागते आणि महिन्याअखेरीस हातात काही उरत नाही. मजुरीचा दर तिला दुसरीकडे मिळू शकणाऱ्या मजुरीपेक्षा कमी लावू नये.

पैसे दोन डब्यांत ठेवायचे, एक धंद्याचा आणि एक घराचा. विक्रीचा पैसा आधी धंद्याच्या डब्यात. तिथून ठरलेल्या वारी, ठरलेला ‘पगार’ घराच्या डब्यात. डॉमिनिकन प्रजासत्ताकात लहान धंदेवाल्यांना एका गटात रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं आणि दुसऱ्या गटात असे साधे नियम. हिशेबाची शिस्त सुधारली ती साध्या नियमांच्या गटात. नियम मोडतो तो बहुधा शाळेची फी किंवा औषध आलं की. मालाचे पैसे तिकडे जातात, पुढच्या खेपेला कापड निम्मंच येतं, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परततं. नफ्यातला धंदा असा बंद पडतो. त्यावर उपाय एकच: मदतीच्या रकमेतून आधी एक महिन्याचा घरखर्च बाजूला, मग खेळतं भांडवल, आणि उरेल त्यातून मशीन. मशीन पहिले तीन महिने भाड्याचं किंवा जुनं चालतं.

कर्ज शक्यतो नंतर. घ्यावंच लागलं तर पहिला हप्ता कधी, हे व्याजाइतकंच बारकाईने बघा. कोलकात्यात काही स्त्रियांना दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी हप्ता सुरू करायची मुभा दिली, तेव्हा त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून माल घेतल्यापासून पैसा हातात येईपर्यंत किती दिवस लागतात ते मोजावं आणि निदान एक फेरा पूर्ण झाल्यावरच हप्ता लावावा. मोठी ऑर्डर आली तर कच्च्या मालाइतकी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये.

श्रीलंकेत लहान धंद्यांना दिलेल्या अनुदानाच्या प्रयोगात स्त्रियांच्या धंद्यांचा नफा वाढला नाही, असं आधी दिसलं होतं. त्याच आकड्यांकडे नंतर पुन्हा पाहिलं गेलं. ज्या घरात त्या बाईचा एकटीचाच धंदा होता, तिथे नफा पुरुषांच्या बरोबरीने वाढला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता तिथे पैसा तिकडे वळला होता. एकट्या आईच्या हाती दिलेल्या पैशाबद्दल शंका घेणाऱ्यांनी हे वाचावं. मात्र खातं, मशीनची पावती आणि मोबाइलचा पिन तिच्याच नावावर, तिच्याच हाती हवा, भाऊ-दिरांच्या नाही.

एकाच वस्तीत वीस जणींना एकच शिवणकाम शिकवणं टाळा. त्या एकमेकींचाच भाव पाडतात.

भेटी पहिले दोन महिने आठवड्याला, मग पंधरवड्याला, पुढे महिन्याला. बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने २००२ साली अतिगरीब स्त्रियांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात जनावरासारखं कमाईचं साधन, काही काळ घरखर्चाला भत्ता, प्रशिक्षण आणि नियमित भेटी हे सगळं मिळून सुमारे दोन वर्षं चालतं. प्रत्येक भेटीत एकच आकडा काढावा: महिन्याची शिल्लक (तिचा ‘पगार’ वजा न करता) भागिले लागलेले तास. तो सलग तीन महिने मजुरीच्या दराखाली राहिला तर भाव किंवा माल बदलून बघा. आणखी तीन महिन्यांत सुधारला नाही, तर मशीन चांगल्या स्थितीत असतानाच विकून ती रक्कम तिच्या खात्यात ठेवावी आणि ठरलेल्या वेळेची नोकरी शोधायला तिच्याबरोबर जावं.