तुम्ही विचारलंत म्हणून: मीठ किती, किती मिनिटं?

पावसाळ्यात आमच्याकडे राहून गेलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा निघताना विचारतो, "ताई, ती अंडं घालून परतलेली भाजी, तिचं प्रमाण लिहून द्या ना. मीठ किती, किती मिनिटं?" मी देत नाही. मग मागाहून कानावर येतं, ताई रेसिपी लपवतात. लपवण्यासारखं त्यात आहे काय? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, वेंगुर्ल्याच्या बाजारात ताजी मासळी मिळणं मुश्कील. मग घरातली अंडी आणि परड्यात उगवेल ते.

प्रमाण मी एकदा दिलं होतं.

धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला गेला, त्याचा तो पहिला पावसाळा. खोलीत चौघं. त्यानं फोनवर शेवग्याच्या पाल्याची अंडं घातलेली भाजी विचारली. मी घड्याळ लावून केली, चमच्यानं मीठ मोजलं, कागदावर उतरवलं आणि त्याला वाचून दाखवलं: चार मुठी पाला, अर्धा चमचा मीठ सुरुवातीलाच, झाकण ठेवून पाच मिनिटं, मग तीन अंडी. त्या कागदाचा मला अभिमान वाटला होता.

त्याला शेवगा मिळाला नाही, त्यानं पालक आणला. पाला तो पाला. वेगळं काही मी सांगितलंच नव्हतं. पालकात शंभरात ९१ भाग पाणी. मिठानं ते बाहेर काढलं, झाकणानं उडू दिलं नाही, अंडी त्या हिरव्या पाण्यात उकडली. रात्री फोन आला, "ताये, पाणीच पाणी झाला." मी म्हटलं, "लिहून दिलं तरी एवढीशी भाजी जमत नाही तुला?" तो गप्प राहिला. मग फोन ठेवला.

गणपतीला आला तेव्हा आईकडून कळलं. त्या रात्री त्यानं खोलीतल्या तिघांना मुद्दाम जेवायला बसवलं होतं, बहिणीच्या हातची चव दाखवायला. तिघं काही न बोलता जेवले. त्यानंतर त्यानं स्टोव्ह पेटवला नाही, वर्षभर खानावळीत जेवला. मी त्याच्याशी कधीच यावर बोलले नाही. आता बोलले तर म्हणेल, कसली माफी.

तेव्हाची मी अजून भांडते: पालक त्यानं आणला, चूक त्याची. आणि मोजायचं नाही तर काय? आई नुसतं "अंदाजानं घाल" म्हणायची, त्याचा मला संताप यायचा. नवख्याकडे अंदाज असतो कुठे? हे मला आजही पटतं.

म्हणून प्रमाणाऐवजी हे घ्या. शिराळं, पडवळ, पालक पाणी सोडतात. त्यांना पसरट कढई, मोठी आच. झाकण नको, मीठ शेवटी. तळाशी पाणी आहे तोवर भाजी १०० अंशांच्या वर तापत नाही. शिजते, खरपूस होत नाही. रटरट थांबून कोरडी चरचर ऐकू आली की पाणी आटलं. तरीही ओल राहिली तर मूठभर ओलं खोबरं ती शोषून घेतं. भेंडीची तार जाईपर्यंत मीठही नको. शेवग्याच्या पाल्याला उलट पाण्याचा हबका आणि झाकण लागतं. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंशांच्या आसपास धरायला लागतो, ८० पर्यंत घट्ट होतो. पाणी उकळायच्या आतच त्याचं काम झालेलं असतं. म्हणून जरा ओलसर दिसतंय तोच कढई उतरवा, तिची धग पुरते. चिवट अंडं म्हणजे चार क्षण उशीर. आणि आमची गावठी अंडी लहान. आमची तीन म्हणजे बाजारातली दोन धरा.

हे सगळं भावाला सांगितलं असतं तर जमलं असतं? फोनवर कोरडी चरचर कशी ऐकवणार? कदाचित त्याला पाच मिनिटंच हवी होती, आणि चुकल्यावर माझ्याकडून वेगळं एखादं वाक्य.

पुढच्या वेळी विचाराल तेव्हा आधी एवढं सांगा, घरी गेल्यावर भाजी कोणती आणणार आहात.