बंगळुरूची कोचिंग परिषद: पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी

पुण्याहून बंगळुरूला लाइफ कोच मंडळींच्या परिषदेला जायचं तर मी उद्यान एक्सप्रेसच सुचवेन. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी केएसआर बंगळुरूला, म्हणजे शहराच्या मुख्य स्टेशनावर सोडते. स्टेशनाला लागूनच मेट्रोची पर्पल लाइन आहे, ती थेट व्हाइटफील्डपर्यंत जाते. आमची परिषद तिकडेच होती. विमानाने गेलं तर देवनहळ्ळीच्या विमानतळावरून शहरात यायलाच बराच वेळ जातो. फक्त एक दिवस आधी पोहोचा. रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच सत्रात बसलं तर नीट ऐकणं होत नाही, आणि आपलं सगळं काम ऐकण्याचंच आहे.

मोठ्या दालनातली भाषणं चांगली होती, पण त्यांचं रेकॉर्डिंग नंतर मिळतं. मी जाते ती तिघा-तिघांच्या सराव सत्रांसाठीच: एक कोच, एक क्लायंट, एक निरीक्षक. आमच्यात कोचीच्या एक बाई कोच झाल्या होत्या. क्लायंट झालेले गृहस्थ नोकरी सोडावी का यावर भराभर बोलत होते (त्यांना विचारूनच हे लिहितेय). बाई म्हणाल्या, "वडिलांचं नाव घेतलंत तेव्हा तुमचा आवाज खाली गेला." आणि थांबल्या. गृहस्थांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. निरीक्षक असूनही माझ्या जिभेवर दोन प्रश्न येऊन बसले होते. बाई मात्र अजिबात हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "नोकरीचा प्रश्नच नाहीये हा."

कोचना प्रमाणित करणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या आठ मूळ क्षमतांमध्ये सक्रिय श्रवण आहे, आपण सगळ्यांनी ते वाचलंय. पण ती शांतता कुणीतरी पेलताना समोर बसून बघणं फार वेगळं. म्हणून नोंदणी उघडली की आधी या सत्रांच्या जागा धरा. भाषणांचं नंतर बघता येतं.

स्टॉलवर 'दोन दिवसांत प्रमाणित कोच' असं कुणी म्हणालं तर शांतपणे तास विचारा. फेडरेशनच्या पहिल्या पायरीला, म्हणजे एसीसीला (असोसिएट सर्टिफाइड कोच), 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं. नवीन मुलं यात पैसे घालवतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

आधीच फेडरेशनचं क्रेडेन्शियल असेल तर नूतनीकरणाला तीन वर्षांत 40 सीसीई युनिट, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण लागतात, त्यातले 24 मूळ क्षमतांचे आणि 3 नीतिमत्तेचे. कुठलं सत्र कशात मोजलं जातं ते आयोजकांना आधीच विचारा आणि प्रमाणपत्र हातात घेऊनच निघा. एसीसीवाल्यांना 10 तासांचं मेंटर कोचिंगही लागतं, म्हणजे अनुभवी कोचकडून आपल्या कोचिंगवर मार्गदर्शन. मेंटर शोधायला जेवणाच्या रांगेइतकी चांगली जागा नाही.

चहाच्या टेबलावर क्लायंटच्या गोष्टी सांगू नका, नाव गाळूनसुद्धा. मराठी कोच भेटले तर नंबर घ्या. आम्ही काहीजण आता ऑनलाइन भेटून मराठीतच सराव करतो.

परतीची उद्यान रात्री निघते. व्हाइटफील्डहून स्टेशनपर्यंत मेट्रोला तासभर धरा, म्हणजे समारोपाचं सत्र अर्धवट सोडावं लागत नाही.